सगळं रस्टमध्ये लिहा म्हणणं सोपं आहे

ब्राउझरच्या सुरक्षेवरच्या या लेखात म्हटलंय की ब्राउझर रस्टमध्ये (मेमरीच्या चुका आधीच रोखणारी प्रोग्रामिंग भाषा) नव्याने लिहिले की मेमरीचे घोळ संपतील. दिशा बरोबर आहे, पण क्रोमियमचा (क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्याचा) कोट्यवधी ओळींचा कोड कोण आणि कधी लिहून काढणार? क्रोमियमच्या टीमनेच २०२० मध्ये सांगितलं होतं की गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीचे, आणि त्यातले निम्मे 'यूज आफ्टर फ्री'. म्हणजे ऑब्जेक्ट डिलीट झाला, ती जागा दुसऱ्या डेटाला मिळाली, तरी जुना पॉइंटर (मेमरीतला पत्ता) तिकडेच बोट दाखवतोय. तिथे काय बसवायचं हे हल्लेखोराच्या हातात गेलं की खेळ खलास. यावर त्यांनी मिरॅकलपीटीआर आणलं: असा पॉइंटर शिल्लक असेपर्यंत ती जागा पुन्हा वाटायचीच नाही. मेमरी थोडी जास्त खातं, पण जुन्या कोडलाच लागू पडतं. लेखात याचा साधा उल्लेखही नाही, हे खटकलं.

फायरफॉक्सनेही २०१७ मध्ये सीएसएसचं (वेबपानाचं दिसणं ठरवणाऱ्या नियमांचं) इंजिन तेवढं रस्टमध्ये आणलं, अख्खा ब्राउझर नाही. आणि सप्टेंबर २०२३ मधलं लिबवेबपी प्रकरण आठवा. दोष होता इमेज उलगडणाऱ्या, सी भाषेतल्या लायब्ररीत, पण क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनाही घाईघाईने अपडेट काढावं लागलं. माझ्या मते असे इमेज उलगडणारे डीकोडर आधी रस्टमध्ये बदलावेत, बाकीचं सावकाश होऊ दे.