"पाणी-ड्रेनेज कंपनीला देऊन टाका" म्हणणाऱ्यांना

व्हॉट्सॲपवर तो मेसेज परत फिरतोय. मोबाईल खासगी कंपन्यांमुळे स्वस्त झाला, तसं महापालिकेचं पाणी आणि ड्रेनेजही देऊन टाका, कंपनी स्वतःचा पैसा घालेल, गळती थांबवेल आणि काम नाही केलं तर हाकलून द्या. महापालिकेवरचा राग खराय, माझाही आहे, पण यातला एकेक मुद्दा नीट बघा.

मोबाईलचं उदाहरण इथे लागूच होत नाही. सिम पोर्ट करता येतं, नळ नाही. गल्लीत लाइन एकच, दुसरी कंपनी शेजारी दुसरी टाकणार नाही कारण परवडतच नाही, म्हणजे स्पर्धा टेंडर उघडेपर्यंत आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं मक्तेदारी. इंग्लंडने १९८९ मध्ये पाणी-सांडपाणी दोन्ही विकलं, जुनी कर्जं सरकारने माफ करून विकलं, तरी दरांवर लक्ष ठेवायला नियामक बसवावा लागला आणि लंडनला पाणी देणाऱ्या थेम्स वॉटर कंपनीवर २०२४ पर्यंत १५ अब्ज पौंडांच्या वर कर्ज झालं होतं.

कंपनीचा स्वतःचा पैसा म्हणाल तर नागपूर बघा. २०१२ पासून तिथे पाणीपुरवठा ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीकडे आहे, २५ वर्षांचा करार. काही भागात फरक पडला हे मान्य, पण चोवीस तास पाण्याच्या कामाचं बहुतेक भांडवल केंद्र आणि राज्याकडूनच आलं, आणि पाच वर्षांत अख्ख्या शहराला चोवीस तास पाणी मिळायचं होतं ते मिळालं नाही.

आता गळती. खरी अडचण इथेच आहे कारण जमिनीखाली काय आहे हेच कुणाला नीट माहीत नाही. जुन्या वस्त्यांत कुठला व्हॉल्व्ह किती फिरवला की कुठल्या गल्लीत पाणी चढतं हे लाइनमनच्या डोक्यात असतं, नकाशावर नसतं, तो रिटायर झाला की माहितीही गेली. कंपनी कागदावरच्या लाइनी बघून रेट भरते, रस्ता खोदला की भलतंच निघतं, मग "हे आमच्या कामात नव्हतं" म्हणून जादा पैसे मागणार, आणि भांडण लवादाकडे. त्यात जिथे पाणी दिवसाआड येतं तिथे मधल्या वेळात लाइनमध्ये प्रेशरच नसतं, शेजारच्या फुटक्या ड्रेनेजचं पाणी चिरांतून आत शिरतं, पहिल्या एक-दोन बादल्या वास मारत येतात त्या त्यामुळेच. दोन्ही लाइनी एकत्र बदलल्याशिवाय हे थांबत नाही, आणि पाण्याचा ठेका एकाकडे, ड्रेनेजचा दुसऱ्याकडे, रस्ता तिसऱ्याचा असला की खड्डा कुणी खणायचा इथूनच अडतं.

हाकलून द्या म्हणे! औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची समांतर जलवाहिनी आठवा, जायकवाडी धरणातून नवी लाइन टाकून शहराला पाणी द्यायची, खासगी कंपनीला दिलेली योजना. करार २०११ चा, कंपनीने पाणीपुरवठा ताब्यात घेतला २०१४ ला, महापालिकेने करार रद्द केला २०१६ ला आणि प्रकरण गेलं कोर्टात. जायकवाडीहून येणारी मोठी नवी लाइन तोवर झालीच नव्हती, शहर जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या लाइनींवरच राहिलं, पुढे नव्याने १६८० कोटींची योजना आणावी लागली. कंपनी निघून जाते, टँकरमागे पळायचं लोकांनीच.

आणि ड्रेनेज. बिल थकलं तर नळ कापता येतो, मैला कापता येत नाही, तो रस्त्यावर येणार. कंपन्यांना रस असतो एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पात, शुद्ध केलेलं पाणी विकता येतं म्हणून, गल्लीतला तुंबलेला चेंबर मात्र पोटठेकेदाराकडे जातो आणि तो चेंबरमध्ये माणसाला उतरवतो. सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. ज्यांना खासगीकरण हवंय त्यांनी एवढं सांगावं, ते ३० लाख आणि तो गुन्हा करारात कुणाच्या नावावर लिहायचा, कंपनीच्या की त्या पोटठेकेदाराच्या?