नळाचं मोडेम

साडेतीनशे रुपये! आणि पाकीट फोडलंय म्हणून दुकानदार वायर परत घेणार नाही म्हणे. अहो, पाकीट न फोडता आतली वायर सरळ की उलटी हे काय पत्रिका मांडून बघू?

स्वतःची चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची हौस आहे मला. घरच्यांनी आशा सोडलीय. म्हटलं, सिरियल पोर्टचा, म्हणजे एकेक बिट ओळीने पाठवणाऱ्या जुन्या सॉकेटचा, ड्रायव्हर प्रोग्रॅम सगळ्यात सोपा. पोर्टच्या चिपच्या १,१५,२०० या मूळ वेगाला १२ ने भागलं की सेकंदाला ९६०० बिटचा वेग. तो १२ चिपला सांगण्याआधी डीलॅब नावाचा बिट, म्हणजे चिपमधला एक खटका, चढवायचा, सांगून झालं की उतरवायचा. नाही उतरवला, तर पाठवलेलं प्रत्येक अक्षर वेगाच्या खात्यात जमा. माझा एक रविवार तिथेच जमा झाला. मग लूपबॅक, म्हणजे चिपचं बोलणं तिलाच परत ऐकवणं, लावून पाहिलं. चिप स्वतःशी झकास बोलत होती, पण शेजारच्या पीसीशी अबोला. आमच्या घराण्यातलीच.

दोष वायरीचा होता. नाशिकच्या एमजी रोडवर मी दोन कॉम्प्युटर थेट जोडणारी 'नल मोडेम केबल' मागितली होती. दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "नळाचं सामान पुढच्या गल्लीत." समजावल्यावर त्याने एक काळी वायर काउंटरवर टाकली. "घ्या, सगळं चालतं याच्यावर."

काल परत करायला गेलो, तर शेजारी ग्रीसने माखलेल्या शर्टातले एक भाऊ उभे. अंबड एमआयडीसीत कॉम्प्युटरने चालणाऱ्या सीएनसी मशिनवर असतात.

"कुठली मशिन?"

"मशिन नाही, ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय."

"कोणत्या कंपनीत?"

"घरीच."

"मंग पैसे कोण देतं?"

"कोणीच नाही."

भाऊंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लग्न झालंय?"

"झालंय."

"वहिनी काही बोलत नाही?"

दुकानदाराने आता मोबाइल खाली ठेवला. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायला नव्हता ठेवला हो!

"दोन आन् तीन नंबरचे पिन पालटायचे, पाच सरळ," भाऊ म्हणाले. "दोन्हीकडचा तीन बोलतो, दोन ऐकतो. तुमची वायर सरळ, म्हंजे तोंडाला तोंड आन् कानाला कान. आमच्याकडं आयटीआयचं पोरगं पण सांगंल."

"मी तेच म्हणत होतो यांना," दुकानदार म्हणाला.

हा! नळाचं सामान विकणारा हा!

घरी येऊन वायर मधोमध कापली, दोन-तीन पालटले, टेप गुंडाळली. रात्री एक वाजता शेजारच्या पीसीवर अक्षरं उमटली. पण प्रत्येक ओळ आधीची संपली तिथूनच, एक घर खाली. रामकुंडाच्या पायऱ्या उतरत गंगेवर निघाल्यासारख्या. 'खाली जा' सांगितलं की टर्मिनलचा कर्सर खाली जातो, 'डावीकडे परत ये' हे वेगळं सांगावं लागतं. टेलिटाइपच्या, म्हणजे तारेवर चालणाऱ्या टाइपरायटरच्या, जमान्यातली खोड. तरी बायकोला उठवलंच.

"जिना काढायला साडेतीनशे?"

"टेपचे वीस वेगळे," मी म्हटलं.