ताल चुकतोय की आवाज उशिरा पोचतोय?

'आपल्याला तालच कळत नाही' म्हणत रिदम गेम (गाण्याच्या ठोक्यावर बटण दाबायचा खेळ) पहिल्याच दिवशी काढून टाकणाऱ्या बऱ्याच जणांचा ताल ठीकच असतो. घोळ असतो ब्लूटूथ इअरबड्सचा. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके असेल, तर एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत ५०० मिलिसेकंद जातात, पाव ठोक्यात १२५. ब्लूटूथवर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे राहतो. म्हणजे तुम्ही ऐकलेल्या ठोक्यावर अचूक बोट टेकवलंत, तरी गेमच्या हिशेबी पाव ठोका उलटून गेलेला असतो. यात कुणीही हरेल!

म्हणून आधी वायरचे इअरफोन लावा. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर चित्रही मागे पडतं. मग सेटिंगमध्ये ऑफसेट जुळवा, म्हणजे आवाज जितका मागे पडतो तितका गेमचा हिशेब सरकवा. ओसू! हा रिदम गेम (२००७ पासून आहे, फुकट आहे) खेळताना खाली एक पट्टी दाखवतो, त्यावर प्रत्येक फटका लवकर पडला की उशिरा ते दिसतं. खुणा सगळ्या एकाच बाजूला साचल्या तर दोष बहुधा आवाज उशिरा पोचण्याचा आहे, ऑफसेट बदला. दोन्हीकडे विखुरल्या तर हात अजून बसलेला नाही, सराव करा. हा फरक कळला की निम्मी निराशा संपते. नवख्याला हे गेम का धरून ठेवतात, याचं माझ्या मते खरं कारण हेच: चूक किती आणि कुठल्या बाजूला, हे त्याच क्षणी कळतं. दुसऱ्या फारशा कुठल्या खेळात इतकं स्वच्छ उत्तर मिळत नाही.

सुरुवातीला ताइको नो तात्सुजिनसारखा खेळ घ्या. नामकोने २००१ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये आणलेला हा ढोलाचा गेम. लाल खूण आली की ढोलाच्या मध्यावर 'डोन', निळी आली की कडेवर 'का'. मोठी खूण आली तर दोन्ही हात एकदम. बोल दोनच, पण त्यातून पूर्ण गाणं वाजतं. ओसू!मध्ये हाच प्रकार कीबोर्डवर आहे, मधल्या दोन की डोन, बाहेरच्या दोन का. हात आलटून पालटून वापरा. एकाच बोटाने सलग फटके मारले की ते बोट थकतं आणि लय घसरते.

अगदी सोप्या पातळीवर फार दिवस रेंगाळू नका. तिथे खुणा इतक्या विरळ असतात की गाण्याशी नातं जुळत नाही. दुसऱ्या पातळीवर खरी मजा सुरू होते.

आणखी एक, उलट वाटेल असं. ओसू!मॅनियासारख्या वरून खुणा पडणाऱ्या प्रकारात खुणांचा गोंधळ दिसला की लोक स्क्रोल स्पीड, म्हणजे खुणा सरकण्याचा वेग, कमी करतात. तो वाढवा! स्पीड वाढला की खुणांमधलं अंतर वाढतं आणि त्या सुट्या वाचता येतात. गाण्याची लय मात्र तीच राहते. एकदम नको, एकेक पायरी चढा, प्रत्येक पायरीवर दोन-तीन गाणी वाजवा. लयच झेपत नसेल तर ओसू!मधला 'हाफ टाइम' लावा, गाणं पाऊणपट वेगाने चालतं. अवघड तुकड्यातला हातांचा क्रम त्यात बसवा आणि लगेच मूळ लयीवर या, कारण संथ चाल कानात मुरली की मूळ लयीत हात मागे ओढला जातो.