उतारावर न्यूट्रल : एका प्रतिक्रियेला उत्तर

घाटरस्त्यावर ऑटोमॅटिक गाडी कशी चालवावी या माझ्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली आहे. खालचं सगळं तिलाच उद्देशून असल्यामुळे ती आधी जशीच्या तशी देतो :

"लेख पुस्तकी आहे. वीस वर्षं गाडी चालवतोय, त्यातली सात ऑटोमॅटिक. उतारावर न्यूट्रल टाकलं की इंजिन आयडलवर येतं आणि पेट्रोल वाचतं, हे शाळकरी पोरालाही कळतं. आता तर कंपन्याच गाडीत कोस्टिंग देतात. सिग्नलला न्यूट्रल नको म्हणता, का ते सांगत नाही. ऑइल बदला म्हणता, कंपनी म्हणते गरज नाही. एएमटीबद्दल फक्त दोन ओळी. लोकांना घाबरवूनच वाचक मिळवायचे असतील तर मग बोलणंच खुंटलं."

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. मतभेद असू द्या, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण 'घाबरवून वाचक मिळवणे' हा माझ्या हेतूवरचा आरोप आहे आणि त्याला तुम्ही कसलाही आधार दिलेला नाही. ब्रेक तापतात हे सांगणं म्हणजे घाबरवणं नव्हे. 'पुस्तकी' या शब्दाबद्दलही तेच. अठरा वर्षं मी गिअरबॉक्स उघडण्याचं आणि जोडण्याचं काम करतो. पुस्तकं वाचतो ती त्या कामासाठीच, आणि त्याची मला लाज वाटत नाही. तुम्ही वीस वर्षं गाडी चालवलीत याचा आदर आहे. पण गाडी चालवताना इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्टर उघडा आहे की बंद, हे सीटवर बसून कुणालाच दिसत नाही, मग अनुभव वीस वर्षांचा असो की चाळीस.

एक गोष्ट मान्य करतो. 'न्यूट्रल टाकाल तर गिअरबॉक्स जळेल' असं मी लिहिलं होतं, ते जास्त झालं. एकदा टाकल्याने काही जळत नाही. सवय असेल तर आतल्या क्लच प्लेटांचं आयुष्य कमी होतं, असं लिहायला हवं होतं.

आता मुख्य वाक्य : 'इंजिन आयडलवर येतं आणि पेट्रोल वाचतं.' यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा चूक.

इंजिन आयडलवर चालतं म्हणजे ते स्वतःच्या बळावर फिरतं, आणि त्यासाठी त्याला पेट्रोल लागतंच. साध्या सव्वा ते दीड लिटरच्या इंजिनाला आयडलवर तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर लागतं, एसी चालू असेल तर आणखी. आता तीच गाडी उतारावर डी (ड्राइव्ह) मध्ये किंवा खालच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचललेला. इथे चाकं इंजिनाला फिरवतात. थ्रॉटल (हवेची झडप) बंद आहे, पण आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) आयडलच्या बरेच वर आहेत, हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दिसतं आणि तो इंजेक्टर बंद करतो. थेंबही आत जात नाही. आरपीएम साधारण हजार-बाराशेपर्यंत उतरले की इंजिन बंद पडू नये म्हणून तो इंजेक्शन पुन्हा सुरू करतो. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये ही सोय नेहमीचीच आहे. इंजिन थंड असताना ती बहुधा काम करत नाही, तेवढा अपवाद लक्षात ठेवा.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर गाडीच्या डिस्प्लेवर तात्कालिक ॲव्हरेजचा आकडा लावा. लांब उतारावर खालच्या गिअरमध्ये पाय उचला. आकडा टोकाला जाऊन थांबतो : काही गाड्यांत ०.०, काहींत ९९.९. टॅकोमीटरचा, म्हणजे आरपीएम दाखवणारा, काटा मात्र दोन-अडीच हजारांवर असतो. इंजिनाचा आवाज वाढलेला असतो आणि खर्च शून्य. तुमचा घोळ इथेच झाला आहे असं मला वाटतं. आवाज मोठा म्हणजे पेट्रोल जास्त, असा कानाचा हिशेब. तो कार्बोरेटरच्या काळात खरा होता, कारण कार्बोरेटर हवेच्या ओढीवर चालायचा आणि उतारावरही थोडं पेट्रोल आत सोडायचा. तुमचा सल्ला त्या गाड्यांसाठी ठीक होता. ऑटोमॅटिक चालवता म्हणजे तुमची गाडी बहुधा त्या काळातली नाही.

आकडाच हवा असेल तर हा घ्या. ८ किलोमीटरचा उतार, वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे १२ मिनिटं. न्यूट्रलमध्ये तासाला ०.७ लिटर धरलं तर १४० मिलिलिटर गेलं. गिअरमध्ये जवळपास काहीच नाही. फरक छोटाच आहे, पण तो तुमच्या बाजूचा नाही.

आणि त्या १४० मिलिलिटरसाठी मी लेख लिहिला नव्हता. लिहिला तो ब्रेकसाठी. १३०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ६.४ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. टायर आणि हवा यांनी त्यातला चौथा हिस्सा खाल्ला असं धरू. उरलेली ऊर्जा साधारण १५ लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला पुरते. न्यूट्रलमध्ये ती सगळीच्या सगळी चार चाकांच्या डिस्क, ड्रम आणि पॅडमध्ये जाते. खालच्या गिअरमध्ये मोठा वाटा इंजिन घेतं आणि तो रेडिएटर व सायलेन्सरवाटे बाहेर पडतो.

पॅड जास्त तापले की त्यांची पकड कमी होते. त्याहून वाईट ते ब्रेक ऑइलचं. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं कोरडं डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरला की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. दोन वर्षांत एकदा ब्रेक ऑइल बदला असं सांगतात ते यासाठी. कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या भागात) ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पॅडल मऊ पडतं आणि खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही. इंजिन चालू आहे, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम आहे, पॅड नवे आहेत, तरीही. हे वाचून कुणाला भीती वाटली तर वाटू दे. ती भीती योग्य जागी आहे.

म्हणून पद्धत पुन्हा लिहितो, पहिल्या लेखात ती कमी पडली असेल तर. उतार सुरू होण्याआधी वेग कमी करा, उतारात शिरल्यावर नाही. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या (नेहमीच्या ऑटोमॅटिक) गाडीत लिव्हर एम (मॅन्युअल) मध्ये घेऊन उणे बाजूला एकेक गिअर खाली या, किंवा लिव्हरवर ३, २, एल असेल तर ते वापरा. सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) एस, एल किंवा बी, गाडीत जे असेल ते. एका गिअरमध्ये पाय उचललेला असतानाही वेग वाढतच राहिला तर आणखी एक खाली. काटा तीन-साडेतीन हजारांवर गेला तरी घाबरू नका. इंजिन त्यासाठी बनलेलं आहे, आणि आरपीएम मर्यादेबाहेर जाणार असतील तर आजचे गिअरबॉक्स तो गिअर घेतच नाहीत. ब्रेक टेकवून ठेवू नका. नीट दाबा, वेग हवा तेवढा पडला की पूर्ण सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा मिळतो. उजवाच पाय दोन्ही पॅडलांसाठी, डावा कडेला.

पॅडल मऊ लागायला लागलं किंवा जळका वास आला तर गिअर एकेक पायरी खाली आणा, पॅडल भराभर पंप करा, हँडब्रेक बटण दाबून धरत हळूहळू ओढा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. इंजिन बंद करू नका. स्टिअरिंग जड होतं आणि बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते. थांबल्यावर डिस्कवर पाणी ओतू नका. वाकते किंवा तडकते.

न्यूट्रलमधून पुन्हा डी मध्ये येण्याचा मुद्दाही तुम्ही सोडून दिलात. ताशी ६० ने गाडी घरंगळते आहे आणि इंजिन ८०० आरपीएमवर आहे. तुम्ही डी टाकता. आता गिअरबॉक्सला त्या वेगाला साजेसा गिअर निवडून त्याचा क्लच धरायचा असतो. दोन बाजूंच्या वेगात हजार-बाराशे आरपीएमचं अंतर, आणि ते भरून निघेपर्यंत प्लेटा घासतात. तो बारीकसा धक्का तुम्हाला सात वर्षांत जाणवला असेलच. शिवाय घाईतला हात. सरळ पट्टीच्या बहुतेक लिव्हरवर डी मधून एन मध्ये जायला बटण लागत नाही. सवयीने बटण दाबणाऱ्याचा हात एन (न्यूट्रल) ओलांडून आर (रिव्हर्स) कडे जाऊ शकतो. बटण दाबायचंच नाही, हा साधा नियम या एका चुकीपासून वाचवतो.

कोस्टिंगबद्दल. हो, काही गाड्या चालत्या चालत्या स्वतःच इंजिन चाकांपासून सोडवतात. जवळपास सपाट रस्त्यावर, जिथे इंजिनाच्या ओढीने वेग विनाकारण पडला असता, तिथे त्याने इंधन वाचतं, आणि एवढ्यापुरता तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण तिथे निर्णय कॉम्प्युटर घेतो. ब्रेकला पाय लागला की तो क्षणात आरपीएम जुळवून गिअर जोडतो, आणि तीव्र उतारावर मुळात सोडतच नाही. कंपनीने जिथे ही सोय मुद्दाम बंद ठेवली तिथेच तुम्ही ती हाताने चालू करता, आणि वर दाखला कंपनीचाच देता. हा युक्तिवाद प्रामाणिक नाही, असं स्पष्ट म्हणतो.

सिग्नलचं थोडक्यात. मिनिटभर थांबायचं असेल तर डी आणि ब्रेक. दर वेळी एन-डी केलं की गाडी पुढे नेणारा क्लच दर वेळी सुटतो आणि धरतो. एन मध्ये आहोत हे विसरून ॲक्सिलरेटर दाबला आणि वाढलेल्या आरपीएमवर डी ओढला, तर मोठा झटका बसतो. थांबा खरंच लांबला तर एन आणि हँडब्रेक चालेल, डी पेक्षा थोडं कमीच जळतं. हे लेखात नव्हतं, आता घालतो.

गिअरबॉक्सचं ऑइल : 'गरज नाही' हे कंपनीचं वाक्य सौम्य वापर गृहीत धरून असतं. गाडीच्या पुस्तिकेत खडतर वापराचा वेगळा तक्ता असेल तर तो बघा. घाट, ओझं, तुंबलेली वाहतूक असेल तर ६० ते ८० हजार किलोमीटरला बदलणं शहाणपणाचं. सीव्हीटीचं ऑइल वेगळं असतं, त्यात साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) घालू नका.

एएमटीला (यंत्राने गिअर बदलणाऱ्या मॅन्युअल गाडीला) दोनच ओळी दिल्या कारण लेख तिचा नव्हता. तरी एक : तिच्यात मॅन्युअल गाडीचाच कोरडा क्लच असतो, फक्त तो दाबणारा पाय यंत्राचा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली तर क्लच जळतो. ब्रेक किंवा हँडब्रेकनेच धरा. उतारावर एम मध्ये खालचा गिअर घ्या, आणि वेग अगदी कमी झाला की क्लच आपोआप सुटतो हे ध्यानात ठेवून तिथे ब्रेक तयार ठेवा.

पार्किंगचा परिच्छेद तुम्ही वाचला नसावा, नाहीतर त्यावरही काही लिहिलं असतं. उतारावर थेट पी टाकून ब्रेक सोडला की अख्ख्या गाडीचा भार बोटाएवढ्या लोखंडी दातावर येतो. निघताना लिव्हर ओढायला जोर लागतो आणि खाडकन आवाज येतो तो त्यामुळे. पायाचा ब्रेक दाबून एन, मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सैल सोडून गाडीला हँडब्रेकवर टेकू द्यायची, ती टेकली की पुन्हा ब्रेक दाबून पी. निघताना आधी पायाचा ब्रेक, मग पी मधून बाहेर, हँडब्रेक शेवटी.

पुढे लिहायचं असेल तर गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे, सीव्हीटी आहे की दोन क्लचचा गिअरबॉक्स, तेवढं आधी कळवा. सात वर्षं ऑटोमॅटिक चालवणाऱ्याने प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही करू नये हे मला खटकलं. मूळ लेखातलं 'जळेल' हे वाक्य आज दुरुस्त केलं आहे आणि सिग्नलची ओळ वाढवली आहे. उताराचा भाग जसा होता तसाच ठेवला आहे.