तेरा फुटी खरेदी

होडीतून मासे पकडणाऱ्याला खलाशी लागतात, खाडीत पकडणाऱ्याला पाग (फेकायचे जाळे) लागतो, आणि किनाऱ्यावर उभे राहून रॉडने मासे गरवू पाहणाऱ्याला सल्लागार लागतात. यांपैकी खलाशी आणि पाग यांच्यासाठी पैसे मोजावे लागतात. सल्लागार मात्र नुसती इच्छा बोलून दाखवताच जमा होतात. गुहागरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि हेदवीच्या बामणघळीजवळचे काळे खडप, म्हणजे खडकाळ किनारा, अशा दोन्ही ठिकाणी चालेल असा एक दणकट रॉड आणि त्याला साजेसे रील घ्यावे, असे मी एकदा कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत बोलून गेलो. त्यानंतर ज्यांनी मासा केवळ ताटात पाहिला आहे अशा सहकाऱ्यांनीही मला रॉडच्या लवचिकतेविषयी मार्गदर्शन केले, आणि जे शाकाहारी होते त्यांनी तर अधिकच तटस्थपणे केले.

गुहागरचे माझे मामा आजही पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेल्या तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यावर, गरवतात. दोऱ्याला बांधलेले वजन, म्हणजे शिसे, डोक्यावर गरगर फिरवायचे, नेमक्या क्षणी सोडायचे, आणि दुसऱ्या हातातल्या बाटलीचे तोंड समुद्राकडे रोखून धरायचे. बाटली जागची हलत नाही, तंगूस मात्र तिच्या टोकावरून वेटोळी सोडत निघून जातो. इंग्लंडमधील आल्फ्रेड इलिंगवर्थ या गृहस्थांनी १९०५ साली ज्या रीलचे पेटंट घेतले, त्याचेही तत्त्व नेमके हेच आहे, म्हणजे स्पूल, अर्थात दोरा गुंडाळलेली फिरकी, स्थिर आणि दोरा टोकावरून मोकळा. ही माहिती मी मामांना मोठ्या कौतुकाने सांगितली, तेव्हा त्यांनी त्या इंग्रजाला बाटलीचे किती पैसे पडले एवढेच विचारले.

बाटलीची अडचण फेकण्यात नसून फेकल्यानंतर सुरू होते. पुळणीवर फुटणाऱ्या लाटांच्या पहिल्या दोन-तीन रांगा जमिनीलगतच्या दोऱ्यावर सरळ बसतात आणि तो शिश्यासकट किनाऱ्यावर आणून टाकतात. उंच रॉड वाळूत उभा केला की दोरा या रांगांच्या वरून जातो आणि पलीकडे पाण्यात शिरतो. तेरा फुटांची लांबी ही केवळ लांब फेकण्याची हौस नसते, तिला असे कारण असते, हे मी प्रत्येक सल्लागाराला समजावून सांगितले. परंतु समजून घेणे हे सल्लागाराचे काम नसल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

सर्वांचा पहिला प्रश्न एकच असे: "मासा कोणता पकडणार?" हा प्रश्न वरवर अत्यंत शास्त्रीय वाटतो. किनाऱ्यावर उभा असलेला माणूस जणू मासळीबाजारात उभा आहे आणि समुद्र त्याला काय देऊ म्हणून विचारतो आहे, असे गृहीत धरूनच तो विचारला जातो. जिताडा म्हटले तर एक रॉड, रावस म्हटले तर दुसरा, पाखट लागले तर तिसरा. आणि खरे बोलून "बहुतेक मुडदुशीच लागेल," असे म्हटले, तर वीतभर लांबीच्या माशासाठी तेरा फुटांचा रॉड घेणाऱ्या माणसाकडे ज्या नजरेने पाहावे, त्या नजरेने पाहिले जाते.

योग्य प्रश्न अखेर आईने विचारला. भावांच्या मागे पुळणीवर आमिषाची करवंटी धरून वाढलेली ती बाई, तिने सगळी चर्चा तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतली आणि विचारले, "अरे, पण शिसं केवढं लावणार?"

किनाऱ्यावरचा जड रॉड माशासाठी नसतोच मुळी; तो शिश्यासाठी असतो. उधाणाच्या दिवसांत साठ ग्रॅमचे शिसे टाकले, तर ते तळाशी न थांबता गडगडत आपल्याच पायाशी परत येते. पाणी खेचत असताना आमिष एका जागी धरून ठेवायचे असेल, तर सव्वाशे-दीडशे ग्रॅमचे, आणि शक्यतो वाळूत रुतणाऱ्या चार तारा असलेले शिसे लागते. हे शिसे आणि त्यावर आमिष म्हणून एखादे बोयट लावून इतके वजन झोकात फेकू शकणारा, वाकणारा पण न मोडणारा रॉड शोधायचा, एवढाच मूळ प्रश्न आहे. शिसे रॉडच्या क्षमतेहून फार हलके असेल, तर रॉड वाकत नाही आणि फेक जात नाही. फार जड असेल, तर रॉड वाकतो आणि पुन्हा सरळ होण्याच्या अवस्थेत राहत नाही. मासा या सगळ्या हिशेबात शेवटी येतो, आणि आला नाही तरी हिशेब बिघडत नाही.

हिशेब बिघडतो तो मापांमुळे. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापे स्वीकारली, त्याची वार्ता रॉड बनवणाऱ्यांपर्यंत अद्याप गेलेली दिसत नाही. एकाच रॉडची लांबी फुटांत, फेकीचे वजन कधी ग्रॅममध्ये तर कधी औंसांत, दोऱ्याची ताकद पौंडांत, जाडी मिलिमीटरमध्ये, आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा दोरा ओढून नेऊ लागला की त्याला लागणारा ब्रेक, किलोग्रॅममध्ये दिलेला असतो. अनेक धागे वेणीसारखे विणून केलेल्या दोऱ्याला जाडी दाखवणारा जपानी पद्धतीचा पीई क्रमांक वेगळाच. रीलवर जे ८००० किंवा १०००० लिहिलेले असते, ते तर कशाचेच माप नव्हे; एका कंपनीचे आठ हजार दुसऱ्या कंपनीच्या सहा हजारांच्या शेजारी ठेवले, तर कोणते मोठे हे डोळ्यांनीच ठरवावे लागते. शाळेत त्रैराशिक शिकवताना गुरुजींनी याचा उपयोग कोठे होईल हे सांगितले असते, तर मी अधिक लक्ष दिले असते.

क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला मासेमारीचे सामान विकणारी दुकाने आहेत, त्यांपैकी एकात मी गेलो. दुकानाची उंची जेमतेम नऊ फूट, त्यात मधोमध पंखा फिरत होता, आणि मला तेरा फुटी रॉड जोडून पाहायचा होता. शेठनी पंखा बंद केला, पण त्यामुळे छत काही वर गेले नाही. रॉड आडवा जोडावा तर त्याचे टोक समोरच्या पिशव्यांच्या दुकानात जात होते. बाहेर पदपथावर उभा करून पाहू, असे मी सुचवताच शेठ एकदम गंभीर झाले आणि त्यांनी बोट वर केले. कार्बनच्या रॉडमधून वीज उत्तम वाहते. विजेच्या तारांखाली, किंवा आकाशात विजा चमकत असताना तो हातात उभा धरणे हे जिवावर बेतणारे आहे, ही त्या संपूर्ण खरेदीतील सर्वांत मोलाची सूचना त्यांनी एका पैशाचीही अपेक्षा न ठेवता दिली.

तेव्हा रॉड तुकड्यातुकड्यांनी पाहणे आले. दुकानातील इतर गिऱ्हाइके प्रत्येक रॉडचे वरचे टोक, भेंडी कोवळी आहे की जून हे पाहावे त्या रीतीने बोटांनी वाकवून पाहत होती आणि प्रत्येक वेळी शेठचा चेहरा कासावीस होत होता. नुसता हलवलेला रॉड काहीच सांगत नाही. फेकताना त्याच्यावर शिश्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि तो पेलायचा असतो खालच्या दोन-तृतीयांश भागाला. म्हणून मी बुंध्याची पकड तपासली. रीलची बैठक आणि बुंध्याचे टोक यांतील अंतर आपल्या हाताच्या लांबीशी जुळावे लागते. माझी उंची पाच फूट चार इंच असल्यामुळे, जे रॉड उंच गोऱ्या माणसांचे हात डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले होते, ते धरले असता मी रॉड उचलला आहे की रॉडने मला, याविषयी दुकानात दोन मते पडली.

त्यातच पुळण आणि खडप यांचे भांडण उपटले. पुळणीला लांब आणि टोकाशी नरम रॉड बरा: लांब असल्याने दोरा लाटांवरून जातो आणि टोकाच्या थरथरीवरून मुडदुशीने तोंड लावलेलेही कळते. खडपावर हे दोन्ही गुण दोषच ठरतात. तेथे नऊ-दहा फुटांचा, बुंध्याशी राठ असा रॉड हवा, कारण गोब्रा किंवा तांबोशी गळाला लागली की तिचे एकच ध्येय असते, ते म्हणजे जवळचे बीळ. आणि ती बिळात शिरण्यापूर्वीच तिला वर ओढावे लागते. शिवाय पायांखाली शेवाळ, पाठीशी कातळ, आणि डोक्यावर तेरा फूट फिरवायला जागा नाही. "एकच रॉड दोन्हीकडे चालेल का?" असे मी विचारले. शेठ म्हणाले, "चालेल." मग थोडे थांबून म्हणाले, "दोन्हीकडे थोडा थोडा नाही चालणार."

रीलचे प्रकरण त्या मानाने लवकर मिटले, कारण तेथे भीतीने माझी मदत केली. आमच्या कार्यालयातील एक गृहस्थ मल्टिप्लायर रीलचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. या रीलमध्ये फेकताना स्पूल स्वतः गरगर फिरते आणि त्यावर अंगठ्याचा नेमका दाब ठेवावा लागतो. दाब कमी पडला, तर दोरा जाण्याच्या वेगापेक्षा स्पूल अधिक वेगाने फिरते आणि जो गुंता होतो, तो सोडवेपर्यंत भरतीची सुकती होते. ज्यांचा अंगठा तयार आहे त्यांच्या हाती ते उत्तम चालते, हे मी मान्य करतो. माझा अंगठा शासकीय कार्यालयात नस्ती उलटण्यापलीकडे तयार झालेला नसल्यामुळे मी इलिंगवर्थ यांच्या, अर्थात मामांच्या, पक्षात राहिलो.

शेठनी मग ड्रॅगचा आकडा सांगितला. पंधरा किलो! त्यांच्या स्वरात अभिमान होता. परंतु दोरा जर तीस पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास तुटणारा असेल, तर ड्रॅग त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर, चार किलोंच्या मागेपुढे लावायचा असतो. उरलेले अकरा किलो शोभेचे. आणि हेदवीच्या शेवाळलेल्या कातळावर एखाद्या माशाने मला खरोखर पंधरा किलोंनी ओढले, तर ड्रॅग तपासण्यासाठी मी तेथे असणार नाही. मी त्याऐवजी रील उघडून त्याच्या सांध्यांतून खारे पाणी आत जाण्याची सोय किती आहे ते पाहिले, कारण रीलला मासा मारत नाही, मीठ मारते. घरी आल्यावर ते गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवायचे असते. जोरदार धारेने मीठ बाहेर येण्याऐवजी आतच ढकलले जाते.

दोऱ्याच्या पुढे, फेकीचा झटका सोसण्यासाठी, जो जाड दोऱ्याचा तुकडा म्हणजे लीडर लावतात, त्याच्याबाबत कंजुषी करायची नसते, आणि येथे विनोद थोडा बाजूला ठेवतो. प्रत्येक औंस शिश्यामागे दहा पौंड, असा सर्वत्र चालणारा आडाखा आहे. दीडशे ग्रॅम म्हणजे सव्वापाच औंसांच्या वर, म्हणून लीडर किमान पंचावन्न पौंडांचा. ऐन फेकीत बारीक दोरा तुटला, तर ते शिसे पुळणीवर कोणत्या दिशेला जाईल हे सांगता येत नाही, आणि गुहागरच्या पुळणीवर सुट्टीच्या दिवशी लहान मुले खेळत असतात.

शेवटी मी तीन तुकड्यांचा, १०० ते २०० ग्रॅम फेकणारा, तेरा फुटी रॉड घेतला. हिशेबाने तो पुळणीचाच. त्यावर ८००० आकड्याचे रील चढवले, लीडरचे भेंडोळे घेतले, आणि आईच्या आज्ञेनुसार शिसे घेतले. ते किलोवर मिळते. खडपावर अडकलेले शिसे परत येत नसते, म्हणून ते मूळ दोऱ्याहून कमजोर तुकड्याने बांधतात, की अडकलेच तर तेवढेच तुटावे. हे ऐकल्यावर मी आणखी एक किलो तोलून घेतले. त्याच रात्री कोकणकन्येने चिपळूणला निघायचे होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सामान तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली आणि पडद्यावर, ज्यातून आरपार काहीच दिसत नाही असे दोन डझन काळे ठिपके आणि त्यांना चिकटलेल्या तारा उमटल्या. मला बाजूला घेण्यात आले. जवानाने पिशवी उघडली, चार तारांचे एक शिसे तळहातावर घेऊन वजन अजमावले, रॉडच्या पिशवीकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा उजळला. तो मालवणचा निघाला.

"पुळणीचो बरो घेतलास," तो म्हणाला. "पण खडपाक कितको फुटी घेवचो, ता काय ठरयलास?"

माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी आपली बॅग खाली ठेवली आणि ते म्हणाले, "खडपासाठी ना? आधी मासा कोणता पकडणार, ते सांगा."