कोर्सला पैसे भरायच्या आधी एवढं विचारा
नर्सिंग असिस्टंटच्या (नर्सच्या मदतनीसाच्या) कोर्सवरचा एक लेख वाचला, त्यात म्हणलंय की हा कोर्स केला की काम लगेच भेटतं, ते खरंय, माझी लहान बहीण लातूरला एका दवाखान्यात हेच काम करायली, लकव्याच्या पेशंटची दर २ तासाला कूस बदलायची म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, रात्रपाळीत हेच चालू असतं. लई पुण्याचं काम आहे. पण पोरींनो, ह्या ६ महिन्यांच्या कोर्सवर नर्सिंग कौन्सिलचं (नर्सची अधिकृत नोंदणी करणारी संस्था) रजिस्ट्रेशन होत नाही, आम्हाला अ‍ॅडमिशनच्या वेळी कुणीच सांगितलं नव्हतं!! बारावी झाली असेल तर २ वर्षांचं एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) नाहीतर ३ वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हे नर्सिंगचे कोर्स करा, जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे नर्सिंगची डिग्रीपण करता येते. बहीण आता जीएनएमचा फॉर्म भरायली, सोयाबीन विकलं की फीचं बघू म्हणलेत बाबा.