खुलासा : ‘सगळी रॅम माइनक्राफ्टला द्या’ हा सल्ला चुकीचा आहे

‘मॉड (गेममध्ये भर घालणाऱ्या जादा फाइली) टाकलेलं माइनक्राफ्ट सारखं बंद पडत असेल तर लाँचरमध्ये संगणकाची सगळी रॅम गेमला द्या’ असा मेसेज फिरतोय. ८ जीबीच्या संगणकावर ८ जीबी दिलीत, तर विंडोज आणि ग्राफिक्स ड्रायव्हरला काही उरत नाही. गेम उलट जास्त अडखळतो. अशा संगणकावर ४ जीबीच्या आसपास थांबावं.

रॅम वाढवण्याचा उपयोग क्रॅश रिपोर्टमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’, त्यातही ‘जावा हीप स्पेस’ (म्हणजे गेमला दिलेली रॅम संपली) लिहिलं असेल तरच. म्हणून आधी गेमच्या फोल्डरातलं ‘क्रॅश-रिपोर्ट्स’ उघडा. तिथे काही नसेल तर ‘लॉग्स’मधली ‘लेटेस्ट’ फाइल बघा. ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणाऱ्या ओळींपैकी शेवटची बहुतेकदा कामाची असते. दोषी दिसतात ते बहुधा हेच: फोर्जच्या गेममध्ये फॅब्रिकचा मॉड (मॉड चालवणाऱ्या या दोन वेगळ्या प्रणाली), राहून गेलेली लायब्ररी (इतर मॉडना लागणारा मॉड), किंवा चुकीची जावा (गेम जिच्यावर चालतो ती प्रणाली). माइनक्राफ्टच्या १.१८ ते १.२०.४ आवृत्त्यांना जावा १७ लागते, १.२०.५ ते १.२१.११ ला २१.

रिपोर्टमधून काहीच कळलं नाही, तर जगाची प्रत काढून ठेवा आणि नव्या चाचणी-जगात निम्मे मॉड काढून बघा. लायब्ररी मात्र राहू द्या. ज्या निम्म्यात दोष दिसेल ते पुन्हा निम्मे करत जा. कंटाळवाणं आहे, पण ६४ मॉडमधला एक दोषी साधारण सहा फेऱ्यांत सापडतो.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे ही दुरुस्ती टाका.